शेजारच्या देशासाठी उकडलेला चिन्नोर

आमच्या घरी एक परराष्ट्रमंत्री राहतात. त्यांच्याशी माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. मंत्रालय ओसरीवर आहे: एक खाट, एक चार्जर आणि खिडकीच्या गजात खोचलेला मोबाईल, कारण घरात रेंज तेवढ्या एकाच गजाला येते. शेतात पाणी किती साचलं हे त्यांना मला विचारावं लागतं, पण कोणत्या देशात कोणाची खुर्ची कधी जाणार हे ते चहा गार व्हायच्या आत सांगतात. सिहोऱ्याकडचं आमचं गाव सगळं धानाचं. धान निघाला की माणसांना बोलायला भरपूर वेळ मिळतो, त्याचा हा परिणाम.

मी चेष्टेत बोलते म्हणून मला राग नाही असं कोणी समजू नये. राग आहे, चांगला मोठा आहे, आणि तो एका पोत्यावरून आहे. शिवाय त्यातला थोडा माझ्या स्वतःवर आहे, म्हणून तो जातही नाही.

आमच्याकडे धुरे, म्हणजे बांध, घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्याला बांदी म्हणतात. आमच्या सहा बांद्या. त्यातली एक बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तलावाच्या, अगदी खाली. तिच्यात सासरे फक्त चिन्नोर लावायचे आणि आम्हीही तेच लावत आलो. चिन्नोर हा बारीक, वासाचा धान. पिकायला उशीर लावतो, उत्पन्न कमी देतो, वाऱ्याने आडवा पडतो, आणि शिजायला ठेवला की पलीकडच्या घरातली बाई विचारते, आज कोण आलं वो तुमच्याकडे? कारण चिन्नोर आम्ही पाहुण्यांसाठी ठेवतो. आम्ही स्वतः जाडा भात खातो आणि वासाचं कौतुक करतो.

माझी थोरली नणंद, यांची बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, वैनगंगेकाठच्या एका गावात दिली होती. घर, वावर, चार झाडं, सगळं होतं. मग खाली गोसीखुर्दचं धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. आता ती पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. तिथले रस्ते सरळ आहेत, खांबांना नंबर आहेत, आणि वावर कोणालाच नाही. तिचा नवरा ज्या पाण्यात त्याचं घर बुडालं त्याच पाण्यात जाळं टाकतो. मासळी चांगली लागते म्हणतात. लागायलाच पाहिजे, खाली सगळं शेणखत घातलेलं वावर आहे.

सासू-सासरे गेल्यावर बाईने तुमसरला तहसीलमध्ये जाऊन हक्कसोडीवर सही केली. आमच्याकडे बहिणींना मोठा मान आहे. सही केली तर जमीन जाते आणि नाही केली तर माहेर जातं, दोन्हीतलं काय घालवायचं हे तिने स्वतः निवडायचं असतं. बाईने जमीन घालवली. तेव्हा यांनी पाच माणसांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, जोवर बोडीखालची बांदी आहे तोवर बाईले सालाचं एक पोतं चिन्नोर. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहून घेण्याचं काम फक्त तिच्याकडून झालं.

हे पोतं ती मंडईला न्यायची. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवतं. दुकानं लागतात, दंडारीचं लोकनाट्य रात्रभर चालतं, आणि गावात जेवढी माणसं असतात त्याच्या दुप्पट पाहुणे होतात. बाई भंडाऱ्याला गाडी बदलून यायची. एका हातात सुकवलेल्या झिंग्यांची पिशवी, आणि दुसरा हात पोत्यासाठी मोकळा. तेव्हा नवा चिन्नोर बांदीत उभाच असतो, म्हणून तिच्यासाठी मागच्या वर्षीचा कांडून ठेवलेला असे, आणि जुना चिन्नोर शिजतोही जास्त चांगला. ती पोत्याचं तोंड सोडायची, मूठभर तांदूळ नाकाशी धरायची, परत टाकायची आणि तोंड बांधायची. मग मला विचारायची, झिंगे कशात करतेस, वांग्यात का?

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग त्या पावसाळ्यात बांगलादेशात सरकार पडलं.

आम्ही बाया रोवणीला वाकलेल्या होतो, चिखल पोटऱ्यांपर्यंत. हे धुऱ्यावर मोबाईल छातीशी धरून आले.

"तिकडे सरकार पडलं," म्हणाले.

"आपल्या मोटरीचा पाइपबी पडला जी," मी म्हणाले. "पह्यले तो उचला."

पाइप मीच उचलला. पण या वेळी बातमी खरोखर आमच्या घरापर्यंत आली, हे मला मान्य करावं लागेल. आमच्या शेजारच्या गावात एक राईस मिल आहे. तिथे धान हौदात भिजवतात, वाफेवर उकडतात, पटांगणात वाळवतात आणि मग भरडतात. तो उसना तांदूळ. दाणा पिवळट, टणक, त्याला हौदाचा वास. आमच्याकडे तो कोणी खात नाही, आजारी माणसाच्या पेजेलाही घालत नाही. तो आम्ही दुसऱ्यांसाठी करतो. मिलवाल्याचे ट्रक बंगालकडून सीमेवर जात आणि तिथून पलीकडे.

सीमा बंद झाली तसे ट्रक वाटेत उभे राहिले. मिलच्या पटांगणात धान पायाने फिरवत वाळवणाऱ्या आमच्या गल्लीतल्या सहा बाया घरी बसल्या. तिकडे कोणाची तरी खुर्ची गेली आणि इकडे या बायांची रोजी गेली. सहांपैकी एकीनेही तिकडे मत दिलेलं नव्हतं.

साध्या माणसाने यावरून काय समजावं? की आता उसन्याच्या नादी लागू नये. पण आमच्या गावात साधी माणसं नाहीत, सगळे जाणकार आहेत. मिलच्या टिनाखाली त्यांची परिषद भरली, आणि यांनी घरी येऊन तिचा ठराव मला सांगितला. आज बंद आहे म्हणजे उद्या तिकडे टंचाई. टंचाई म्हणजे भाव. सीमा उघडली की जो माल उकडून तयार असेल तोच आधी जाणार. तेव्हा गावात ज्याच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, जुना धान आहे त्याने तो आताच उकडून ठेवावा. मिलवाला म्हणाला होता, "ज्याचा माल तयार, त्याचीच दिवाळी."

मी यांना विडीच्या तेंदूपत्त्याची आठवण करून दिली. काही वर्षांपूर्वी खाली लंकेत असाच गोंधळ झाला होता, तेव्हा व्यापाऱ्याने इकडचा पत्ता उचलायला हात आखडला. तेव्हाही हेच म्हणाले होते, ठेवून द्या, पुढे दुप्पट भाव येतो. ठेवला. पत्त्याची चाळणी झाली आणि माझ्या माळ्यावर अजून त्याचा भुगा आहे.

"तो पत्ता होता," हे म्हणाले. "हा धान आहे." एवढा फरक मलाही कळत होता.

जाडा धान मिलमध्ये गेला. ते मी समजू शकले, तो विकायचाच होता. मग एक दिवस हे परतले ते सरळ आतल्या ढोलीपाशी जाऊन उभे राहिले. ती चिन्नोरची ढोली.

"मिलवाला म्हणते, बारीक धान असन तं आनखी चांगलं. तिकडच्या मोठ्या लोकाइले बारीकच लागते."

"चिन्नोर कोणी उकडते काय जी?"

"काहून नाई? वाफ सगळ्याइले सारखीच लागते."

"आन बाईचं पोतं?"

"मंडईले अजून अडीच महिने आहेत. तोवर पैसा हाती येते. एकाच्या जागी दोन पोते विकत घेऊन देऊ बाईले. खूश होईन."

मी म्हणाले, एक पोतं तरी राहू द्या. ते म्हणाले, अर्धवट काम नको. आणि मी दुसऱ्यांदा म्हणाले नाही. का म्हणाले नाही ते सांगते. मला स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा पाहिजे होता. गावात दोन घरी झाला होता आणि दोन्ही घरच्या बाया त्यावरून हात फिरवत फिरवत माझ्याशी बोलायच्या. बांगलादेशातल्या मोठ्या लोकांच्या ताटात चिन्नोर गेला की माझ्या घरी ओटा येणार होता. हे ढोलीतून धान काढत होते आणि मी पोत्याचं तोंड धरून उभी होते. मंत्रिमंडळात मीही होते, हे लपवून काय उपयोग?

त्याच आठवड्यात मी बाजाराला निघाले तर वाट मिलवरून. लांबूनच वास आला. उसन्याचा नेहमीचा कुबट वास नव्हे, चिन्नोरचा. सासरे शेवटी आजारी असताना बाईने त्यांना भरवला होता त्या भाताचा. गावातल्या सगळ्यांनी आपापला चिन्नोर आणून टाकला होता, आणि वर्षभर घराघरांत पुरवून पुरवून वापरायचा तो वास एका सकाळीत भट्टीवरून वर चालला होता. रस्त्याने जाणारे लोक थांबून वा वा म्हणत होते. मी बाजारातून काही न घेता परत आले.

नंतर सीमा उघडली. उघडली पण माल उचलेना. तिकडचे व्यापारी फोन उचलत नव्हते, उचलला तर म्हणायचे बँक पैसे सोडत नाही, डॉलर नाही, थांबा. ज्या टंचाईवर आमच्या माणसांनी भिस्त ठेवली होती ती आलीही असेल, पण घ्यायला पैसाच मोकळा नसेल तर भुकेचं काय लोणचं घालायचं? हा धडा परिषदेत कोणाला सुचला नव्हता. मिलवाला महिनाभर थांबा म्हणाला, आणि मग म्हणाला, "आपापला माल घेऊन जा बा. मले जागा पायजे."

पोती घरी आली. तोंड सोडून पाहिलं, पिवळा दाणा, वास शून्य. एक दिवस शिजवला. यांनी दोन घास घेतले आणि पोट बरं नाही म्हणाले. उरलेला कोंबड्यांनी खाल्ला. कोंबड्या परदेशच्या बातम्या ऐकत नाहीत, त्यांचं चांगलं चालतं.

मंडई आठ दिवसांवर आली. गावात विचारून पाहिलं तर पसाभर चिन्नोर कोणाकडे नाही, सगळेच जाणकार. त्या वर्षी आमच्या मंडईत पाहुण्यांना घरोघर जाडा भात वाढला गेला आणि प्रत्येक घरी वेगळं कारण सांगितलं गेलं. हे तुमसरला गेले आणि एक पोतं घेऊन आले. त्यावर चिन्नोर असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं, वर धानाच्या लोंब्यांचं चित्र.

"पाह्य, आपल्यापेक्षा साफ आहे," म्हणाले. साफ होता खरा.

बाई आली. झिंग्यांची पिशवी माझ्या हातात दिली, पाय धुतले, पाणी प्याली. मग पोत्यापाशी बसली. छापील अक्षरं पाहिली, शिवण उसवली, मूठ भरली, नाकाशी धरली. परत टाकली. हात आणखी खाली घालून तळातून दुसरी मूठ काढली. मी चुलीपाशी वांगी चिरत होते ती तशीच राहिली.

"हा कोणाचा होय?" तिने विचारलं.

मग यांनी सांगायला सुरुवात केली. ढाक्याच्या खुर्चीपासून केली. मोर्चे, सीमा, ट्रक, डॉलर, बँक, मिलवाल्याची लबाडी, सगळं क्रमाने आलं, कुठेही स्वतः न येता. दोन वेळा चहा झाला. त्यांचं सगळं संपल्यावर बाई म्हणाली,

"बाबू, सरकार तिकडे पडलं ना? मंग माह्या बापाची बांदी तू काहून उकडली?"

हे म्हणाले, "बाई, दोन पोते देतो ना. चांगल्यातला चांगला."

"भातासाठी येनं होते काय माह्यं? भात भेटते मले तिकडे." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच मला भीती वाटली. "घर पान्यात आहे. वावर पान्यात आहे. देऊळ पान्यात आहे. सालाचं एक पोतं हुंगाले भेटत होतं, तेवढं माह्यं कोरडं होतं. ते तू हौदात टाकलं."

मग म्हणाली, "या साली पोतं राहू दे. बोडीखालची बांदी मी कापतो. आन पुढंबी मीच लावतो, मीच कापतो."

हे खाटेवरून उठले. "असं कसं बाई? तहसीलमध्ये कागद झाला आहे."

"ठेव ना कागद. नाव तुयंच राहू दे, पीक माह्यं. कागद घेऊन घेऊनच आमचं गाव बुडालं. मले आता कागद नाई पायजे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मंत्र्यांना अशा वेळी अनुमोदन लागतं. मी उठले, आत गेले, आढ्याला खोचलेला इळा काढला आणि बाईच्या पुढ्यात ठेवला. फार मोठं काही केलं नाही. पोत्याचं तोंड मी धरलं होतं, तेव्हा इळाही मीच द्यायला पाहिजे होता. ती माझ्याकडे बघून हसेल असं मला उगाच वाटलं होतं. तिने बोटाने पात पाहिली आणि म्हणाली, "धार नाई याले."

मंडई झाली तरी ती गेली नाही. धान पिवळा होईपर्यंत आमच्याच ओसरीवर राहिली, म्हणजे मंत्रालयात. खाट तिला मिळाली आणि मोबाईल स्वयंपाकघराबाहेरच्या खिळ्याला गेला, जिथे रेंज नाही. ते तीन आठवडे आमच्या घरातले सगळ्यांत शांत होते. बांदी तिने स्वतः कापली, मी मागून पेंढ्या बांधल्या. वाकताना तिच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू यायचा. धुऱ्यावर बसून तिने लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, नाकाशी धरली, आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही. मी बोडीकडे तोंड करून उभी राहिले. मला रडू येत होतं आणि ते तिने पाहू नये असं वाटत होतं.

वसाहतीतलं तिचं घर पावसात ओल धरतं, म्हणून तिचा धान आमच्याकडेच राहतो, टिनाच्या कोठीत, कोपऱ्यात. कोठीला तिचं कुलूप आहे. किल्ली ती माझ्यावर सोडून जाते, देवघराच्या खिळ्यावर. रोवणीला येते, कापणीला येते आणि मंडईला येते. आता पाहुणे आले आणि मला चिन्नोर लागला तर माझ्याच घरात मला तिला फोन करून विचारावं लागतं. ती नाही कधीच म्हणत नाही. फक्त दर वेळी विचारते, कोण आलं? आणि मी सांगितलं की म्हणते, तेवढ्यापुरता घे. ओटा अजून मातीचाच आहे, आणि त्यावरून कोणी हात फिरवत नाही.

यंदा पावसाळा सरता सरता दुसऱ्या अंगाच्या शेजाऱ्याचं, नेपाळचं, सरकार पडलं. यांनी ते मला सांगितलं नाही, पण दोन दिवस मोबाईल घेऊन अंगणात फिरत होते, तेव्हाच मी ओळखलं.

मंडईच्या दिवशी पंगत बसली. बाईने कोठी उघडून पायलीभर चिन्नोर काढून दिला होता, वर्षभर मुरलेला. घरभर वास. वाढायला आम्ही दोघी. "पाव्हन्याइले हा वाढजो," तिने मला चुलीपाशी सांगितलं होतं, "आन बाबूले तो." तो म्हणजे उसना, त्याची दोन पोती अजून शिल्लक आहेत आणि वर्षभर ती यांच्याच ताटात जातात. यांनी कधी तक्रार केली नाही. ते मुकाट्याने खातात ते पाहून कधी कधी मला वाईट वाटतं, पण मी वाढत राहते.

पाहुण्यांनी भाताचं नाव काढलं. कोणीतरी म्हणालं, असा चिन्नोर आता राहिला कुठे? आणि यांना राहवलं नाही. घास खाली ठेवून म्हणाले, "तुमाले सांगतो, नेपाळात आता धानाची बोंब होनार आहे. ज्याच्या कोठीत या टायमाले बारीक माल असन..."

बाई वरण वाढत होती. ती थांबली. पळी भांड्यात ठेवली, देवघरापाशी गेली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला बांधायला लागली. हात वरणाचा होता, गाठ बसेना. मी जवळ जाऊन ती गाठ घट्ट मारली, वर आणखी एक मारली, आणि परत येऊन यांच्या ताटात अजून एक वाढणी उसना टाकला.